धावपट्टीवरची सुकट

हमदुल्ला सोलकर दुबईला उतरला आणि त्याची पेटी वेस्ट इंडीजला गेली. चूक कुणाची, यावर दुबईतल्या आमच्या देरा वस्तीत अजून दोन तट आहेत. एका तटात हमदुल्ला आहे. दुसऱ्या तटात बाकीचं देरा.

मुळात विमानाने यायची त्याला गरजच नव्हती. रत्नागिरीकडची सगळी माणसं बोटीने येत. डेकवर चटई टाकायची, आपल्या उशाला दुसऱ्याचे पाय, दुबई आली की शिडीने खाली बार्जमध्ये उतरायचं आणि बार्जने खाडीत. मागच्या खेपेला ह्या शिडी आणि बार्जच्या मधे हमदुल्ला समुद्रात पडला होता. टोपी-कोटासकट. आता माणूस पाण्यात पडतो, लोक त्याला काढतात, विषय खलास. पण शेजारच्या मुनीरने ती गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून सांगितली, आणि दर वेळेला हमदुल्ला जरा जास्त उंचावरून पडायला लागला. तेव्हा भाच्याच्या लग्नाला गावाला जाताना त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "परत येणार तो विमानाने. ज्याला हसायचंय त्याने बंदरावर बसून हसावं."

गडी एका व्यापारी ऑफिसच्या गोदामावर होता. स्वतःला 'स्टोअर्स इन्चार्ज' म्हणवायचा. वय पन्नाशीचं, आवाज बोटीच्या भोंग्याचा, आणि अब्रू एवढी नाजूक की कुणी शिंकलं तरी तिला सर्दी व्हायची.

आता आमच्यात गावाहून येणारा माणूस एकटा येत नसतो. त्याच्याबरोबर अख्ख्या मोहल्ल्याची अमानत येते. मुनीरच्या सासूने सुकट दिली, कुबराच्या आईने बोंबील दिले, कुणी कोकमं, कुणी तांदळाच्या फेण्या, कुणी फणसाची साठं. हमदुल्लाने आजवर इतक्या खेपा केल्या, पण कुणाची एक मिरची इकडची तिकडे झाली नव्हती. देरात त्याच्याबद्दल लोक बरंच वाईटसाईट बोलत. पण अमानतीत खोट आहे असं कुणी म्हणत नसे. तेवढंच एक नाव त्याने कमावलं होतं.

हिरवी पत्र्याची पेटी भरली, दोर आवळला, आणि दारात मरियमबी उभी. हातात लोणच्याची चिनीमातीची बरणी, तोंडाला फडकं.

"बदरूची बरणी ऱ्हायली की रे."

"चाची, पेटी बांधून झाली."

"मग सोड."

सोडली. मरियमबीचा मुलगा बदरुद्दीन दुबईच्या धक्क्यावर माल मोजायचा. सहा वर्षं त्याला घर दिसलं नव्हतं. रजा मिळाली तर बोट नसायची, बोट असली तर रजा नसायची. म्हातारीने बरणी हमदुल्लाच्या हातात ठेवली आणि वरून स्वतःचा हात ठेवला.

"माझ्या हातून तुझ्या हातात. तुझ्या हातून त्याच्या हातात. मधे तिसरा हात लागता कामा नये."

"चाची, हमदुल्ला सोलकर बोलतोय," हमदुल्ला म्हणाला. म्हणजे झालं. शपथ झाली.

मग मुंबईचा विमानतळ. आणि इथेच काय ते झालं.

बोटीवर जाणाऱ्यांचा एक जुना हुन्नर आहे. मुंबईच्या गोदीत कस्टमवाला ज्या पेटीवर खडूची फुली मारतो ती पेटी पुढे उघडतात. म्हणून फुली मारून तो वळला की आपण ओल्या फडक्याने ती पुसायची. बापाने मुलाला शिकवायचं ते हे. आणि आपली पेटी आपल्याला ओळखायला? तिच्या कडीला बायकोच्या जुन्या ओढणीची चिंधी बांधायची. हमदुल्लाच्या कडीला जुलेखाच्या लाल ओढणीची चिंधी होती.

काउंटरवरच्या पोराने पेटी तोलली आणि कडीला एक कागदाचा टॅग अडकवला. हमदुल्लाने ते बघितलं. बाकी कुणाच्या हे लक्षात आलं नाही, पण तो गोदीत मुरलेला माणूस. निशाणी केली म्हणजे पुढे उघडणार. तो चिंधी घट्ट करायच्या निमित्ताने वाकला आणि टॅग टराटरा फाडून खिशात घातला. वर पोराकडे बघून हसला सुद्धा. "थँक्यू हं, बेटा."

विमानात तो अंतःकरणाने एवढा गार होता की बाजूच्या साहेबाला त्याने चॉकलेट देऊ केलं, जे त्या साहेबालाही मघाशी फुकटच मिळालं होतं.

दुबई आली. डांबरी धावपट्टी होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि देरातली माणसं ती आपणच घातल्यासारखी पाहुण्यांना दाखवत. हमदुल्ला ऐटीत उतरला. न्यायला मुनीर, बदरुद्दीन, जुलेखा, मुलगी शहनाझ, आणि ज्यांची ज्यांची अमानत होती ते सगळे. सगळ्यांची पेट्या-बोचकी आली. एक हिरवी पत्र्याची पेटी तेवढी नाही आली. विमान तर वरच्या वर लंडनच्या वाटेला लागलं होतं.

"बोटीतून माणूस पडला होता, पेटी आली होती," मुनीर म्हणाला. "ह्या वेळेला माणूस आला."

काउंटरवर गोव्याचा रिबेलो होता. चांगला गृहस्थ. पण चांगल्या गृहस्थांचं नशीब असं की त्यांच्यासमोर हमदुल्लासारखे येतात.

"टॅग नंबर, मिस्टर सोलकर?"

हमदुल्लाने खिशातून टॅगचे तुकडे काढून काउंटरवर ठेवले. रिबेलो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हमदुल्लाकडे.

"हा पेटीला असायला हवा होता."

"पेटीला चिंधी आहे. लाल."

"चिंधी?"

"माझ्या बायकोची," हमदुल्ला म्हणाला, आणि मागे जुलेखाने तोंडावर पदर घेतला.

कंपनीने पेटी शोधायला माणसं लावली. तोवर हमदुल्लाच्या घरी सल्ल्यांची बाजारपेठ उघडली. कुणी म्हणालं शारजाला बघ, तिथे पण विमानं उतरतात. कुणी म्हणालं पीराला नारळ बोल. खालच्या मजल्यावरच्या खतीजाने सांगितलं की तिच्या चुलत दिराची वळकटी बसऱ्याला गेली होती, ती परत आली तेव्हा तिच्यात कुणी भलताच झोपलेला होता. मुनीर एका शिपिंग एजन्सीत टायपिस्ट होता, त्याला सगळं जग कार्बन कॉपीत दिसे. तो म्हणाला, "हमदुल्लाभाय, भरपाई घ्या. वजनावर देतात."

"आईच्या लोणच्याचं वजन करतो तू?"

"माझ्या सासूच्या सुकटीचं करा मग."

ही सगळी माणसं बोलत होती म्हणून हमदुल्लाला बरं तरी वाटे. त्रास बदरुद्दीनचा होता. तो काहीच बोलत नसे. रोज संध्याकाळी धक्क्यावरून यायचा, पायरीवर बसायचा, जुलेखाने दिलेला चहा प्यायचा. "मामू, काही खबर?" "नाही बाबा." "इन्शाल्ला येईल." आणि जायचा. कुणी शिव्या दिल्या तर हमदुल्ला परत देऊ शकत होता. ह्या चहाला काय देणार?

मग एका दुपारी रिबेलोने बोलावणं धाडलं. टेलिप्रिंटरवर खबर आली होती. पेटी सापडली. सेंट ब्रिजिट इंटरनॅशनल एअरपोर्ट, सेंट ब्रिजिट बेट, वेस्ट इंडीज.

झालं असं होतं की पेटी लंडनला उतरली. तिथे कुठल्याशा चर्चची गाणारी मंडळी त्या बेटावर निघाली होती. त्यांचं सामान हरवू नये म्हणून त्यांच्या मास्तरीणबाईने सगळ्या बॅगांना लाल फितीचे तुकडे बांधले होते. हमालाने लाल चिंधी बघितली आणि पेटी त्यांच्यात ढकलली.

"म्हणजे चिंधीने काम केलं ना!" हमदुल्ला छाती काढून म्हणाला. "मी म्हणत होतो. चिंधी कधी फसवत नाही."

रिबेलोने कपाळाला हात लावला.

देरात वेस्ट इंडीज म्हटलं की लोकांना फक्त क्रिकेट. रेडिओवर ऐकलेलं. "तिथे चेंडू नाकावर टाकतात हो," खतीजा म्हणाली. "पेटी काय सोडतात!" शहनाझने शाळेचा नकाशा काढला आणि बराच वेळ बोट फिरवून म्हणाली, "पापा, इट्स नॉट इव्हन अ डॉट. देअर इज द नेम, बट नो डॉट."

मुनीरने चष्मा लावून खात्री केली. "ठिपका सुद्धा नाही आणि एअरपोर्ट इंटरनॅशनल! उतरत असतील कुठे, नावावर?"

"आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी वाळूवर उतरत होते, तेव्हा आपण काय नॅशनल होतो?" हमदुल्ला खेकसला. त्या क्षणापासून त्या विमानतळाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपेना. जिथे आपली पेटी आहे ते ठिकाण हलकं कसं असेल?

पण दुसरा संदेश वाईट आला. रिबेलोने तो दोनदा मनात वाचला आणि मग हळूच सांगितला. पेटीला वास येतोय. सामानाच्या खोलीतले दोन लोक बाहेर बसून काम करतायत. आरोग्याचा साहेब येऊन गेला. परवानगी द्या, पेटी जाळतो.

"जाळतो?"

"नियम आहे, मिस्टर सोलकर. कंपनी भरपाई देणार. तुम्ही इथे फक्त सही करा. खलास."

हमदुल्लाने काउंटरवरचं पेन उचललं, त्याचं टोपण लावलं, आणि पेन रिबेलोच्या खिशात नेऊन खोचलं. मग तिथल्या लाकडी बाकड्यावर जाऊन बसला. मांडी घालून, चपला खाली काढून.

"हे काय?"

"बसलोय. पेटी जाळायची बातमी आली की मला पण इथेच जाळा. माझ्यावर लोकांची अमानत आहे. मेलेल्या माणसाकडे कुणी मागत नाही."

"हबीबी, हे एअरपोर्ट आहे!"

"ते पण एअरपोर्टच आहे. त्यांना सांग, सुकटीला वास येतो तो सुकट आहे म्हणून येतो. नाही आला तर काळजी करा. पेटीला दमट हवा लागली असेल. म्हणावं, बाहेर काढा, उन्हात पसरा. वास जाईल. आणि बरणीला हात लावू नका."

"मी हे टेलिप्रिंटरवर पाठवू?"

"तुझ्या भाषेत पाठव. पण पाठव तेच."

रिबेलोने सुरुवातीला गोडगोड इंग्रजी केलं. हमदुल्लाने ते मोठ्याने वाचायला लावलं. त्याला इंग्रजी गोदामापुरतंच यायचं, पण 'काइंडली' आणि 'रिक्वेस्ट' त्याला ओळखू येत होते. "काढ ते. विनंती नाही करायची. सांगायचं." शेवटी रिबेलोनेच वैतागून एवढंच टाइप केलं: नॉट गार्बेज. फूड. ड्राय इन सन. डू नॉट टच जार. ओनर सिटिंग हिअर.

तो सिटिंग हिअरच राहिला. दिवसा ऑफिस, ऑफिस सुटलं की बाकडं. जुलेखा डबा पाठवायची. बाकड्यावर बसलेल्या हमदुल्लाला उतरणारे प्रवासी चौकशीचा माणूस समजून कस्टम कुठे, टॅक्सी कुठे विचारायला लागले आणि तो सांगायला पण लागला. दोन साहेबांना त्याने चुकीच्या रांगेत उभं केलं. पण रुबाबात.

आणि काय सांगू, त्या बेटावरून उत्तर आलं. मजकूर वाचताना रिबेलोचा आवाज बदलला. म्हणे, सुकलेला मासा आम्ही पण खातो. खोलीमागे जागा नाही. धावपट्टीच्या कडेला ताडपत्रीवर पसरलाय.

हमदुल्ला बाकड्यावरून उठला. "बघ! माणसं आहेत!"

देरात हे कळलं आणि त्या दिवशी मुनीर पहिल्यांदा गप्प बसला. त्याच्या सासूची सुकट वेस्ट इंडीजच्या इंटरनॅशनल धावपट्टीवर ऊन खात पडली होती. एवढा मान त्याच्या सासूला घरात कुणी कधी दिला नव्हता.

पुढच्या खबरेने मात्र सगळा खेळ बिघडला. पक्षी आले होते. चोचीखाली पिशवी असलेले थोराड समुद्रपक्षी. थवेच्या थवे. एक विमान खाली यायला लागलं आणि पक्ष्यांमुळे त्याला पुन्हा वर जावं लागलं. आत गव्हर्नरची मेव्हणी होती. एअरपोर्टच्या मोठ्या साहेबांनी हुकूम काढलाय, संध्याकाळपर्यंत मासा उचला, नाहीतर समुद्रात टाका.

रिबेलो म्हणाला, "आता तरी सही करा. सोलकरसाहेब, आता विमानाच्या जिवावर बेतलंय."

हमदुल्लाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं शहाणा माणूस लहान मुलाकडे बघतो.

"तुमच्या गोव्यात सुकत घालत नाहीत?"

"घालतात."

"कावळे येत नाहीत?"

"येतात."

"मग तुझी आई काय करते? मासा समुद्रात टाकते?"

रिबेलोचा चेहरा बदलला. तो टेलिप्रिंटरकडे वळला आणि कुणी न सांगता त्याने स्वतःच टाइप केलं: पुट मॅन विथ स्टिक.

काठी घेऊन माणूस बसवा. बस.

त्या संध्याकाळी बाकड्यावर हमदुल्लाच्या एका बाजूला मुनीर, दुसऱ्या बाजूला बदरुद्दीन. विमानं आली, गेली. कुणी घरी जाईना. शेवटी यंत्र खडखडलं. रिबेलोने कागद फाडला आणि ह्या वेळी त्याने तो उभा राहून वाचला.

मॅन विथ स्टिक इन पोझिशन.

मुनीरने टाळी वाजवली. मग हवापाण्याची बातमी यावी तशी रोज त्या माणसाची बातमी येऊ लागली. माणसाचं नाव ऑगस्टीन. एरवी तो विमानाला शिडी लावायचा. दोन विमानांच्या मधे तो काठी घेऊन ताडपत्रीशी बसे आणि विमान आलं की ताडपत्री गुंडाळे. पक्षी कमी झालेत. ऑगस्टीनला टोपी दिलीय. जुलेखा नमाजनंतर त्याचं नाव घेऊन दुआ मागायला लागली.

मग बातम्या थांबल्या. आणि एके दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पेटी आली. दोर नवीन, पत्र्याला एक पोचा, अंगावर एवढे टॅग चिकटवलेले की हिरवा रंग शोधावा लागत होता. लाल चिंधी मात्र जागच्या जागी.

पेटी सोलकरांच्या घरात मधोमध ठेवली. सगळे गोळा झाले. हमदुल्लाने हात धुतले, बिस्मिल्ला म्हणून दोर सोडला. बोंबील होते, खडखडीत. सुकट होती, पक्ष्यांची दस्तुरी वजा जाता. कोकमं, फेण्या, सगळं. ज्याचं त्याला दिलं. मुनीरने सुकट नाकाशी नेली. "ह्याला समुद्राचा वेगळाच वास आहे हो."

"इंटरनॅशनल आहे," हमदुल्ला म्हणाला.

मग त्याने तळातून बरणी काढली, आणि तिथेच थांबला. फडकं तेच होतं. पण गाठ मरियमबीची नव्हती. मरियमबी सुरगाठ मारायची. ही भलतीच, नाखव्याने मारावी तशी गाठ होती.

हमदुल्लाने बरणी बदरुद्दीनपुढे धरली, पण मान वर केली नाही. "तिसरा हात लागला रे, बदरू."

बदरुद्दीनने गाठ सोडली. वर तेल होतं, आणि तेलाखाली चमच्याने कोरलेला खड्डा. चांगला पाव बरणी लोणचं गेलं होतं.

हमदुल्लाचा भोंगा लागला. "यल्ला! चला एअरपोर्टला! मी त्यांना सांगितलं होतं, डू नॉट टच जार! गव्हर्नर असेल नाहीतर त्याची मेव्हणी, मी केस घालीन!" एक चप्पल त्याने घातली सुद्धा.

बदरुद्दीनने खुबूस रोटीचा तुकडा मोडला, लोणच्यात बुडवला, तोंडात घातला. चावला. थांबला. परत चावला.

"मीठ जास्त झालंय," तो म्हणाला. "आयेचंच आहे."

"पण पाव बरणी, बदरू!"

"मामू, माणूस आमची सुकट राखत उन्हात बसला. पोटाला काही नको त्याला? आये तिथे असती तर तिनेच वाढलं असतं." त्याने अजून एक तुकडा मोडला. "बघा ना, पेटीत बरणीच्या जागेशेजारी काय आहे."

एक बाटली होती, पिवळं काहीतरी भरलेली, बूच घट्ट बसवून कापडात गुंडाळलेली. बाहेरगावच्या माणसाने काय चटणी केली असेल ती केली असेल, पण हमदुल्ला सोलकर कोकणातला. तिखटाला तो घाबरतो होय? अब्रूच्या रागात त्याने बाटली उपडी करून बोटभर घेतली आणि चाटली.

पहिल्यांदा डोळे मोठे झाले. मग कान लाल झाले. मग तोंड उघडलं आणि त्यातून आवाज काही आला नाही. पाण्याचा तांब्या रिकामा केला, दुसरा केला, फेणी कच्चीच चावली. ती अख्खी संध्याकाळ हमदुल्ला सोलकर बोलू शकला नाही, आणि लोक सांगतात की देरात एवढी शांतता आधी कधी नव्हती.

"या अल्ला," जुलेखा म्हणाली, "ह्या ऑगस्टीनला सांगा कुणीतरी, दर महिन्याला एक बाटली पाठव."

पुढच्या वर्षी बदरुद्दीनला रजा पण मिळाली आणि जायला वाट पण मिळाली, कारण हमदुल्लाने त्याला बोटीवर बसूच दिलं नाही. दोघं विमानाने गेले, दोघं विमानाने आले. मरियमबीने मुलाला पोटभर वाढलं, पोटभर बोलली, आणि सगळी हकीकत ऐकून दोन बरण्या भरल्या. एक बदरूच्या हातात. दुसरी हमदुल्लाच्या हातात. "ज्याने काठी धरली त्याच्या हातात," म्हणाली. "तिसरा हात नको."

मुंबईच्या काउंटरवर तोच पोरगा होता. हमदुल्लाने एक छोटी हिरवी पेटी त्याच्यासमोर ठेवली.

"ही पण दुबईला?"

"नाही. सेंट ब्रिजिट. वेस्ट इंडीज. ऑगस्टीन म्हणून आहे, शिडी लावतो."

पोराने मोठं पुस्तक उघडलं, पानं उलटली. त्याला बेट सापडेना. तो म्हणाला, सर, हे असं जात नाही, कार्गोतून पाठवावं लागेल, लंडनचे कागद लागतील, बेटाचे वेगळे लागतील, आणि बोलता बोलता सवयीने त्याने दुबईचा एक टॅग कडीला अडकवला.

हमदुल्ला वाकला. टॅग फाडला. खिशातून जुलेखाच्या लाल ओढणीची चिंधी काढली आणि कडीला सुरगाठ मारली.

"कागद लावलास तर भलतीकडे जाईल, बेटा," तो म्हणाला. "अशीच सोड. तिला रस्ता ठाऊक आहे."